कमी दिवसांचं बाळ, व्हिटॅमिन डी आणि बाटलीवरचा आकडा

रेवाची_आई

गेल्या आठवड्यात इथेच दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "बाळ आठव्या महिन्यात झालंय, डी३चे थेंब किती द्यायचे?" खाली सात उत्तरं आली. कुणी अर्धा एमएल म्हणालं, कुणी एक एमएल, कुणी चार थेंब. एकीने लिहिलं, "आम्ही पाव चमचा देत होतो, काही झालं नाही." सातपैकी एकाही उत्तरात युनिटचा (डी मोजायचं माप, आययू) आकडा नव्हता. ते वाचल्यावर रात्री मला झोप लागेना, म्हणून हा धागा काढते आहे.

आधी आमचं सांगते. माझं बीपी आवरेना म्हणून २९व्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. रेवा १०८० ग्रॅमची होती. ५२ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिली. माझं दूध सुरुवातीला आलंच नाही, आलं तेव्हा सिरिंजमधून १ एमएल, २ एमएल करत नळीवाटे तिच्या पोटात जायचं. सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी तिच्या मनगटाचा एक्स-रे काढायला सांगितला. हाडाचं टोक रेघ मारल्यासारखं ठळक दिसायला हवं, ते कडेने विरल्यासारखं दिसत होतं, ओल्या कागदावर शाई पसरते तसं. रक्तात फॉस्फरस ३.१ म्हणजे कमी, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांची स्थिती सांगणारं एन्झाइम) ९१२ म्हणजे जास्त. त्या दिवशी सिस्टरनी तिच्या वॉर्मरवर (ऊब देणाऱ्या पाळण्यावर) चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावली: "हळू हाताळा. लंगोट बदलताना पाय धरून उचलू नये."

मी कॉलेजात जीवरसायन शिकवते. त्वचा, यकृत, मूत्रपिंड हा व्हिटॅमिन डीचा मार्ग मी फळ्यावर अगणित वेळा काढला आहे. तरी माझा पहिला प्रश्न हाच होता, "म्हणजे तिला डी कमी पडलं का?" डॉक्टर म्हणाले, "डीचं नंतर बघू. हाडं बांधायचा मालच तिला मिळालेला नाही."

हे नीट समजायला मला दोन दिवस लागले. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्यातलं जवळजवळ ८० टक्के शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून येतं. ऐन भरात रोज दर किलो वजनामागे १०० ते १३० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६० ते ७५ मिलिग्रॅम फॉस्फरस. रेवाचे ते अकरा आठवडे गेले. आता आईच्या दुधाचा हिशोब करा. १०० एमएल दुधात कॅल्शियम अंदाजे २५ मिलिग्रॅम, फॉस्फरस १४. बाळ दर किलोमागे दिवसाला १८० एमएल प्यायलं तरी कॅल्शियम ४५ मिलिग्रॅम, त्यातलं आतड्यातून अंगाला लागतं दोन तृतीयांश, म्हणजे ३०. पोटात असताना शंभराच्या वर मिळत होतं. दूध कितीही चांगलं असलं तरी ही तूट दुधाने भरून निघत नाही. म्हणून आईच्या दुधात एचएमएफची (ह्यूमन मिल्क फॉर्टिफायर, दुधातली खनिजं वाढवणारी भुकटी) पुडी मिसळतात, आणि म्हणूनच ती पुडी "पावडरचं दूध" समजून घरच्यांनी नाकारू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता डी. त्वचेत तयार झालेलं किंवा थेंबांतून दिलेलं डी यकृतात जातं, तिथे त्याला एक हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) जोडला जातो. हे त्याचं साठ्याचं रूप. रक्ततपासणीत मोजतात ते हेच, आणि ते अंगात दोन-तीन आठवडे टिकून राहतं. मग मूत्रपिंडात दुसरा हायड्रॉक्सिल जोडला की कामाचं रूप तयार होतं, ते काही तासच टिकतं. वारेतून बाळाकडे जातं ते मुख्यतः साठ्याचं रूप, तेही आईच्या पातळीच्या ५० ते ८० टक्के. आईचीच पातळी कमी असेल तर बाळाची शिदोरी तितकीच हलकी.

इतक्या लहान जिवाचं यकृत आणि मूत्रपिंड हे काम कसं करणार, असं मला वाटायचं. पण २८ आठवड्यांच्या बाळातही दोन्ही पायऱ्या चालतात. जन्मानंतरचे थोडे दिवस काम मंद असतं, मग वेग येतो. उलट या बाळांच्या रक्तात कामाचं रूप पुष्कळदा मोठ्या माणसांपेक्षा जास्त सापडतं, कारण फॉस्फरस कमी पडला की शरीर मूत्रपिंडाला "अजून बनव" असंच सांगत राहतं. भाकरी करणारी बसली आहे, तवा तापला आहे, परातीत पीठच नाही. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत कमी दिवसांच्या बाळाच्या आतड्यातून कॅल्शियम बरंचसं आपोआप झिरपतं, डीच्या हुकमाने ओढलं जाणारं कॅल्शियम नंतर वाढतं. म्हणून त्या काळात नुसतं डी वाढवून हाडं भरत नाहीत. डी लागतंच, पण कॅल्शियम-फॉस्फरसच्या जोडीने.

डोसबद्दल जगात एकमत नाही, हेही कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये दीड किलोच्या आतल्या बाळांना सहा महिन्यांपर्यंत रोज ४०० ते १००० युनिट सांगितले. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ मध्ये त्याच वजनाला २०० ते ४०० म्हटलं. युरोपच्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये ८०० ते १००० म्हटलं होतं, २०२२ मध्ये ते वजनावर आणलं, किलोमागे ४०० ते ७००, पण दिवसाला १०००च्या वर नाही. आपल्या इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा सर्वसाधारण तान्ह्या बाळांचा आकडा पहिल्या वर्षभर रोज ४००. तुमच्या बाळाला यातला कुठला, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण ते जे ठरवतात ते युनिटमध्ये असतं, आणि आपण घरी देतो ते एमएलमध्ये. चूक होते ती या दोघांच्या मधल्या जागेत.

माझ्याकडूनही झाली. डिस्चार्जच्या वेळी मिळालेल्या बाटलीत १ एमएलमध्ये ४०० युनिट होते, डोस १ एमएल. ती संपली तेव्हा मी माहेरी होते. तिथल्या मेडिकलमध्ये दुसऱ्या कंपनीची बाटली मिळाली, "सेमच आहे ताई" म्हणाले, आणि मी घेतली. खोकं जवळजवळ तसंच, ड्रॉपर तसाच. १९ दिवस मी रोज १ एमएल दिला. विसाव्या दिवशी रात्री तीन वाजता, रेवा मांडीवर आणि बाटली दिव्याखाली, तेव्हा पहिल्यांदा वाचलं: प्रत्येक एमएलमध्ये ८०० युनिट. त्याशिवाय मल्टिव्हिटॅमिनच्या थेंबांत ४०० होतेच. म्हणजे मी रोज १२०० देत होते. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि लघवी तपासून घेतली, सगळं ठीक निघालं. पण ती रात्र मी विसरलेले नाही.

ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांनी आत्ता उठून बाटल्या आणा आणि लेबलं वाचा. इथे लिहा, आपण मिळून हिशोब करू.

कृष्णाकाठ

ताई, तुमचा धागा मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. आमचं बाळ ३१ आठवड्यांचं, १३५० ग्रॅम होतं. सहा दिवसांपूर्वी घरी आलं, आता १८२० ग्रॅम आहे. चार बाटल्या ओट्यावर मांडून लिहितोय.
मल्टिव्हिटॅमिन: १ एमएलमध्ये डी३ ४०० युनिट. आम्ही रोज १ एमएल देतो.
डी३चे थेंब: १ एमएलमध्ये ८०० युनिट. रोज १ एमएल.
कॅल्शियमचं सिरप: ५ एमएलमध्ये डी३ २०० युनिट. अडीच एमएल दोनदा.
लोहाचे थेंब: यात डी दिसत नाही.
कॅल्शियमच्या सिरपमध्येही डी असतं हे आज कळलं.

रेवाची_आई

दादा, मांडणी अगदी बरोबर केलीत. ४०० अधिक ८०० अधिक २००, म्हणजे १४००. आता डिस्चार्जचं कार्ड काढा. त्यावर डी३पुढे काय लिहिलंय? एमएल नको, युनिट बघा.

कृष्णाकाठ

कार्डावर "४०० युनिट रोज एकदा" असं आहे. १ एमएल हे मेडिकलवाल्याने खोक्यावर पेनने लिहून दिलंय.

रेवाची_आई

म्हणजे या बाटलीतून अर्धा एमएल व्हायला हवा होता, आणि एकूण १०००. घाबरू नका, सहा दिवसांनी काही होत नाही. पण स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, कॅल्शियम तर अजिबात नको. सकाळी एनआयसीयूला फोन करा आणि चारही बाटल्यांचे आकडे वाचून दाखवा. खोक्यावरचा पेनचा आकडा खोडून टाका.

सुमनआजी

तुमचं लिखाण वाचलं बाई, डोळ्यांत पाणी आलं. माझा धाकटा सातव्यात झाला होता, १९७४ साली. तेव्हा कसले थेंब नि कसलं काय. कापसात गुंडाळून ठेवला, बाजूला शेगडी. सव्वा महिना आम्हा दोघांना खोलीबाहेर काढलं नाही, मग रोज सकाळी सातला कोवळ्या उन्हात तेल लावून घेऊन बसायचे. आमच्या सुनेला डॉक्टरांनी नातवाला उन्हात नेऊ नका सांगितलं ते मला पटलं नव्हतं. उन्हातून डी मिळतं ना? मग थेंब कशाला?

रेवाची_आई

आजी, तुम्ही त्या काळात सातव्या महिन्याचं बाळ कापसात आणि शेगडीच्या ऊबेवर वाचवलंत. ऊब हाच तेव्हाचा एनआयसीयू होता.

उन्हाचं सांगते. डी तयार व्हायला २९० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील किरण लागतात. सकाळी सातला सूर्य खाली असतो, किरण हवेच्या जाड थरातून तिरपे येतात आणि नेमके हेच वरच्यावर शोषले जातात. कोवळ्या उन्हात ऊब मिळते, डी जवळजवळ नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाच्या उन्हात ते किरण पुरेसे असतात, आणि ते ऊन या बाळांच्या कातडीला सोसत नाही. रेवाची कातडी इतकी पातळ होती की पोटावरच्या निळ्या शिरा मोजता यायच्या. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा तर काहीच उपयोग नाही, काच ते किरण अडवते.

आणि सव्वा महिना काळोख्या खोलीतली बाळंतीण, तिलाही ऊन नाही. आईचं डी कमी म्हणजे दुधात आणखी कमी. एरवीही आईच्या एक लिटर दुधात डी ५० युनिटच्या आसपासच असतं, बाळ तर लिटरभर पीतही नाही. म्हणून थेंब, आजी.

मधुरा_९

एक वेडा प्रश्न. काविळीसाठी बाळाला चार दिवस निळ्या लाइटखाली ठेवलं होतं. त्यातून डी नाही मिळत का?

रेवाची_आई

वेडा मुळीच नाही, मीही तिथल्या रेसिडेंट डॉक्टरांना हेच विचारलं होतं. काविळीचा लाइट निळा, ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा. तो बिलिरुबिनवर (काविळीच्या पिवळ्या द्रव्यावर) काम करतो. डी बनवणारे किरण त्यात नसतात.

सिस्टर_कोकण

मी जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विभागात) काम करते. रेवाची आई, तुम्ही लिहिलेलं एकेक वाक्य आम्ही रोज डिस्चार्जच्या वेळी सांगतो, पण आई रात्रभर जागी असते आणि सोबतच्या बाईला घरी जायची घाई असते. चार गोष्टी सांगितल्या की दोन लक्षात राहतात.

मला जे जास्त सलतं ते ६० हजारांचं. बाळंतिणीला डी कमी निघालं की आठवड्याला एक अशी ६० हजार युनिटची पुडी किंवा छोटी बाटली देतात. ती बाटली ५ एमएलची, गोड, बाळाच्या औषधासारखीच दिसते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे अडीच महिन्यांचं बाळ आलं, घरी गेलं तेव्हा छान होतं. दूध सोडलेलं, उलट्या, शी चार दिवस नाही, लघवी मात्र सारखी, टाळू खोल गेलेली, वजन उतरलेलं. सगळ्यांना वाटलं इन्फेक्शन. कॅल्शियम आलं १५.२, फारच जास्त. मी आजीला म्हटलं, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. पिशवीत आईची ६० हजारवाली बाटली निघाली, आणि बाळाला त्यातून रोज १ एमएल चालू होतं. १ एमएल म्हणजे १२ हजार युनिट. दोन बाटल्या संपल्या होत्या. आजीचा काही दोष नव्हता, तिला कुणीतरी "डीचं औषध एक एमएल" एवढंच सांगितलं होतं. बाळ सलाईनवर आणि औषधांवर बारा दिवस होतं, वाचलं. पण सोनोग्राफीत मूत्रपिंडात चुना साचलेला दिसला, त्याची तपासणी अजून चालू आहे.

आईचं औषध आणि बाळाचं औषध एका ट्रेमध्ये ठेवू नका. बाळाच्या बाटलीला लाल दोरा बांधा, तिट लावा, काहीही करा, पण वेगळी ओळखू येऊ दे.

आणखी एक. डी३चं औषध तेलकट असतं, वाटीतल्या दुधात घातलं तर वाटीला चिकटून राहतं. ड्रॉपरने गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा, बाळ चोखून घेतं. आणि लोह आणि कॅल्शियम एका वेळी देऊ नका, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

कृष्णाकाठ

सिस्टर, आमच्या ट्रेमध्ये बायकोची तशीच बाटली आहे. आत्ता उठून वरच्या फळीवर ठेवली.

अनघा_न्यूजर्सी

माझा मुलगा इथे अमेरिकेत २७ आठवड्यांचा जन्मला. इथे गोंधळ वेगळ्या प्रकारचा. काही बाटल्यांत १ एमएलमध्ये ४०० युनिट, काहींत एका थेंबातच ४००. २०१० मध्ये इथल्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) याच कारणासाठी सूचना काढली होती, की तान्ह्या बाळांच्या डीच्या ड्रॉपरमध्ये ४०० युनिटपेक्षा जास्त मावूच नये. माझी आई नागपूरहून आली होती. माझ्या बहिणीच्या मुलीला १ एमएल द्यायची तिची सवय. मी आंघोळीला गेले होते, बाहेर आले तर आई एका थेंबवाल्या बाटलीतून मोजून एमएल भरत होती. त्यात तीसेक थेंब मावले असते, म्हणजे १२ हजार युनिट. तोंडाशी नेण्याआधी मी हात धरला. आई बिचारी इतकी खजील झाली की दोन दिवस औषधाला हातच लावेना. तेव्हापासून कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून फ्रिजवर लावलं: "एक थेंब. एकच."

लॅबवाला_पुणे

धागा वाचून राहवलं नाही. मी लॅबमध्ये आहे, रिपोर्टबद्दल दोन गोष्टी.

पहिली, एकक. आपल्याकडे साठ्याचं डी बहुधा नॅनोग्रॅम प्रति एमएलमध्ये देतात, परदेशात बऱ्याच ठिकाणी नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. २० नॅनोग्रॅम म्हणजे ५० नॅनोमोल. "भारतात २० होतं, इथे ५० झालं, केवढी सुधारणा" असं म्हणणारे पालक मी पाहिलेत, दोन्ही एकच आकडे.

दुसरी गोष्ट खास तान्ह्या बाळांची. त्यांच्या रक्तात साठ्याच्या डीचं एक जुळं भावंड असतं, सी-३ एपिमर. रेणू तोच, फक्त एका ठिकाणचा हायड्रॉक्सिल उलट्या बाजूला वळलेला. त्याचं काम खऱ्या डीपेक्षा बरंच कमी. मोठ्या माणसांत तो थोडासाच असतो, पण वर्षाच्या आतल्या बाळांत एकूण मोजलेल्या डीचा अर्ध्याहून अधिक भागही तो असू शकतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या तपासणीत तो वेगळा काढला नाही तर खऱ्या डीतच मोजला जातो आणि आकडा फुगतो. म्हणून कमी दिवसांच्या बाळाचा रिपोर्ट ४५ आला म्हणून थेंब बंद करायचे, असं घरी ठरवू नका. तपासणी कुठल्या पद्धतीची होती ते लॅबला विचारा, विचारलं तर सांगतात.

रेवाची_आई

लॅबवाले दादा, एपिमरचं मला माहीत नव्हतं. उद्या एमएस्सीच्या वर्गात सांगणार आहे.

तुमच्या आकड्याच्या मुद्द्यावरून एक जोडते. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २८ ते ३४ आठवड्यांच्या ९६ बाळांवर एक अभ्यास केला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या बाळांना रोज ४०० युनिट, अर्ध्यांना ८००. बाळं ४० आठवड्यांची भरली तेव्हा ४००वाल्यांत ६६.७ टक्के बाळांचं डी कमी होतं, ८००वाल्यांत ३८.१ टक्के. पुढे तीन महिन्यांनी ३५ आणि १२.५. म्हणजे रक्तातलं डी ८००ने नक्की सुधारतं. पण हाडातला खनिजाचा भरणा मोजला तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मला हे वाचून रेवाचा सातवा आठवडा आठवला. रक्तातला डीचा आकडा चांगला असणं आणि हाड भरलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून फॉलोअपला गेलात की डीच्या आधी फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज विचारा. हाडं विरळ व्हायला लागली की आधी हेच आकडे हलतात, सहाव्या आठवड्याच्या आसपास किंवा त्याआधीही. एक्स-रेत दिसतं तेव्हा खनिज २० ते ४० टक्के कमी झालेलं असतं.

मधुरा_९

मग असा धोका सगळ्याच कमी दिवसांच्या बाळांना असतो का? आमचं ३४ आठवड्यांचं आहे, २१०० ग्रॅम होतं. वाचून धास्ती बसली.

सिस्टर_कोकण

मधुराताई, ३४ आठवड्यांचं आणि दोन किलोच्या वरचं बाळ, दूध नीट पीत असेल तर एवढी धास्ती घेऊ नका. थेंब मात्र चुकवू नका. आम्ही जास्त डोळ्यात तेल घालून बघतो ती बाळं म्हणजे दीड किलोच्या आतली, ज्यांना खूप दिवस सलाईनमधून पोषण द्यावं लागलं, ज्यांचं दूध आतड्याच्या त्रासामुळे पुन्हा पुन्हा बंद करावं लागलं, ज्यांना फुप्फुसांसाठी लघवी वाढवणारी औषधं किंवा स्टिरॉइड चालू होती. लघवीच्या औषधाबरोबर कॅल्शियमही निघून जातं. पित्त अडकलेलं असेल तर डी आतड्यातून शोषलंच जात नाही, कारण ते चरबीबरोबर जातं. झटक्यांसाठी फिनोबार्बिटोन चालू असेल तर डी लवकर मोडतं. असं बाळ असेल तर डॉक्टरांना आठवण करा.

आणि रेवाच्या आईने चिठ्ठीचं लिहिलं ना, ती आम्हीच लावतो. अशा बाळाची बरगडी साध्या उचलण्यानेही मोडू शकते. घरी गेल्यावर मालिशवाल्या बाईंना हे आधी सांगा. ओढून, पिळून, पाय डोक्याला लावून मालिश नको. पोटात असताना बाळ गर्भाशयाच्या भिंतीला लाथा मारतं, त्या रेट्यानेही हाड घट्ट होतं. तो रेटा वॉर्मरमध्ये मिळत नाही. म्हणून काही ठिकाणी फिजिओथेरपिस्ट हातापायांची हलकी हालचाल करून घेतात. ते शिकून घ्या, मग घरी करा.

सुमनआजी

सिस्टर, मालिशचं बरं सांगितलंत. आमच्याकडे येणारी बाई चांगली जोर लावते. नातवाचा हात आता मीच चोळीन, हलक्या हाताने.

अनघा_न्यूजर्सी

एक विचारायचं होतं. जास्त डी इतकं घातक, हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं?

रेवाची_आई

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मुडदूस संपवायचा म्हणून बाळांच्या दुधाच्या पावडरीत, खिमटाच्या पिठात आणि वर कॉडलिव्हर तेलात, सगळीकडे डी घातलं गेलं. प्रत्येक ठिकाणी थोडं, पण बाळाच्या पोटात सगळ्यांची बेरीज. १९५०च्या दशकात तिथे बाळांच्या रक्तात कॅल्शियम वाढल्याच्या घटना वाढल्या आणि मग ते प्रमाण कमी करण्यात आलं. काही बाळांनाच तेवढ्या डीने त्रास का झाला, याचा एक धागा २०११ मध्ये सापडला: डी मोडून टाकणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात दोष असेल तर नेहमीचा डोसही अंगात साचत जातो. कृष्णाकाठच्या ओट्यावरच्या चार बाटल्या पाहून मला त्या बेरजेचीच आठवण झाली होती.

म्हणून थेंब घेतल्यावर बाळाने दूध सोडलं, उलट्या, शी घट्ट किंवा बंद, लघवी जास्त, असं काही दिसलं तर थेंब थांबवून त्याच दिवशी दाखवा.

कृष्णाकाठ

उशिरा लिहितोय, माफ करा. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी एनआयसीयूला फोन केला. डॉक्टरांनी चारही आकडे लिहून घेतले, डी३ अर्धा एमएल करायला सांगितलं, कॅल्शियम आहे तेच. काल फॉलोअपला गेलो. वजन २२६० ग्रॅम. फॉस्फरस ५.१, अल्कलाइन फॉस्फटेज ४३८, कॅल्शियम ९.८. डॉक्टरांनी मनगट आणि बरगड्या चाचपून बघितल्या, एक्स-रेची आत्ता गरज नाही म्हणाले. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त.

बायकोने बाळाच्या चारही बाटल्यांवर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर युनिट आणि एमएल दोन्ही लिहिलंय. डी३च्या ड्रॉपरवर अर्ध्या एमएलच्या खुणेला नेलपॉलिशची रेघ मारली आहे, रात्री चष्मा नसला तरी दिसते.

रेवाची_आई

दादा, नेलपॉलिशची रेघ फार छान. बाटली बदलली की ती रेघही बदलायची, एवढं वहिनींना सांगा. तीन आठवड्यांनी आकडे आले की इथे लिहा, मी वाट बघते.